तळघरातल्या माश्यांना उकडतं

जानेवारीच्या बारा तारखेला, बाहेर उणे अडतीस असताना, माझ्या घरात उन्हाळा आला.

उन्हाळा म्हणजे उन्हाळाच. माझी बायको पारास्का बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये बीट सोलत होती. बशीतल्या लोण्याने आकार सोडला होता आणि ते काठाकडे निघालं होतं. खिडकीतल्या जिरेनियमला ईस्टर आल्याचा भास होऊन त्याने तीन कळ्या काढल्या होत्या. गावात कोणी तुम्हाला पाच सांगेल, विश्वास ठेवू नका. तीनच होत्या. चौथी दुसऱ्या दिवशी आली.

"ओनुफ्री," पारास्का म्हणाली, "भट्टी थांबत का नाही?"

"थांबेल," मी म्हणालो. घरातल्या यंत्राबद्दल पुरुषाने पहिल्या दिवशी एवढंच बोलावं. जास्त बोललं की जबाबदारी येते.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट वीस अंशांवर होता. मी तो अठरावर आणला, मग पंधरावर, मग दहावर, मग जिथे आकडेच संपतात तिथवर. तळघरातली, सगळं घर तापवणारी भट्टी घूं घूं करत राहिली. ही भट्टी आमच्या घराला लागते त्याच्या दुप्पट मोठी आहे. ती घेताना मी म्हणालो होतो, थंडीच्या बाबतीत माणसाने हात आखडू नये. आता ती हात आखडत नव्हती.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या हाडांना उकडलं तर बिघडलं काय? हाडांचं काही बिघडलं नव्हतं. प्रश्न माश्यांचा होता.

तळघरात भट्टीच्या खोलीला लागूनच, फळ्यांच्या भिंतीपलीकडे, जुनी बटाट्यांची कोठी आहे. नोव्हेंबरात मी माझ्या मधमाश्यांच्या आठ पेट्या शेतातून उचलून तिथे आणून ठेवतो. तिथे मिट्ट अंधार लागतो आणि पाच अंश तापमान. पाचावर माश्या एकमेकींना बिलगून पडून राहतात, एप्रिलपर्यंत कुणाला त्रास देत नाहीत. दहाच्या वर गेलं की चुळबुळ करतात. पंधराच्या वर गेलं की त्यांना वाटतं वसंत आला, आणि त्या बाहेर निघतात. बाहेर म्हणजे उणे अडतीसात. तिथे माशी पंख तीनदा हलवते, चौथ्यांदा हलवायला ती उरत नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या आठांतल्या पाच पेट्या मेल्या होत्या. मेलेल्या माश्या सुपात भरता भरता पारास्काने फर्मान काढलं होतं: "आणखी एक हिवाळा देते. पुढच्या एप्रिलात चारपेक्षा कमी जगल्या तर ती कोठी माझी. माझ्या काकड्यांच्या बरण्या अकरा वर्षं पलंगाखाली आहेत, ओनुफ्री. अकरा वर्षं मी लोणच्यावर झोपते आहे." मी कबूल झालो. उन्हाळ्यात नव्या झुंडी मिळवून पुन्हा आठ पेट्या उभ्या केल्या. त्या आठ पेट्या आता भिंतीपलीकडे होत्या आणि कोठीतला पारा आठावर होता.

मी भट्टीवाल्या कंपनीला फोन लावला.

"नमस्कार, घरात ऊब नाही का?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"आहे."

"कमी आहे?"

"नाही हो, जास्त आहे. भट्टी थांबतच नाही."

"म्हणजे भट्टी चालू आहे."

"चालूच आहे! तीच तर तक्रार आहे."

"हे बघा साहेब, या थंडीत माझ्याकडे एकेचाळीस घरं ऊब नाही म्हणून थांबली आहेत. माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत, 'ऊब नाही' आणि 'इतर'. तुम्ही 'इतर'मध्ये. पुढच्या गुरुवारी."

"पुढच्या गुरुवारपर्यंत माझ्या माश्या उठतील!"

"किडे असतील तर ते वेगळं खातं," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आयुष्यभर मी धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला. अख्ख्या जिल्ह्याचा गहू माझ्या शब्दावर तोलला गेला. असा माणूस 'इतर'मध्ये! मी अर्धा तास नुसता फोनकडे बघत बसलो, बनियनमध्ये.

दुपारी कुम नेस्टर आला. आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता होता, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कुम म्हणतो. आपल्या घरात तो कधीही येऊ शकतो आणि आपण त्याला हाकलू शकत नाही, हा त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. त्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र हे बसचंच एखादं रूप आहे अशी त्याची खात्री आहे.

"कुम, हा थर्मोस्टॅट गेलाय," तो दारातूनच म्हणाला. "माझ्या बसमध्ये सत्त्याऐंशी साली हेच झालं होतं."

"तुझ्या बसमध्ये थर्मोस्टॅट नव्हता."

"म्हणूनच!" म्हणत त्याने थर्मोस्टॅट भिंतीवरून उपटला. आता भिंतीतून दोन उघड्या तारा बाहेर आल्या, एकमेकींना न शिवता, आणि हुकूम देणारंच कोणी उरलं नाही. भट्टी चालूच राहिली.

नेस्टरने क्रॉस काढला. मीही काढला, उगाच मागे राहायला नको म्हणून.

"याचा अर्थ एकच," नेस्टर म्हणाला. "हिला स्वतःचं डोकं आलंय."

"जिन्याच्या वरच्या पायरीशी लाल बटण आहे ना?" पारास्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "ते खाली करा की. भट्टी बंद होईल."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने चर्चमध्ये उभं राहून पोपविषयी काही बोलावं, तसं झालं.

"पारास्का," मी हळूच म्हणालो, "जानेवारी आहे."

"मग?"

"जानेवारीत भट्टी बंद करायची?" नेस्टरचा आवाज चिरकला. "वहिनी, फेडिर कोझियारने बारा मिनिटांसाठी बंद केली होती. बारा! नळ फुटला. त्यानंतर तो स्वयंपाकघरात बूट घालून नाही, स्केट घालून जायचा. आणि बंद केलेली भट्टी पुन्हा सुरू होईल याची हमी कोण देतं? पोप?"

खरं सांगतो, आमच्या गावात लहान मुलाला आधी ते लाल बटण दाखवतात, 'याला हात लावायचा नाही', आणि मग आई कोण ते दाखवतात. आमच्या बटणावर माझ्या वडिलांनी चिकटपट्टी लावली होती, तिच्यावर मी लावली आहे. घरात चौतीस अंश झाले तरी ती काढायची कल्पना माझ्या मनाला शिवली नाही. सांगायला लाज वाटते, पण शिवली नाही ती नाहीच.

मंगळवारी एकतीस झालं. बातमी पसरली. ज्यांच्या भट्ट्या बंद पडल्या होत्या, आणि ज्यांच्या चांगल्या चालल्या होत्या तेसुद्धा, सगळे 'सहज' येऊ लागले. आमच्या हॉलमध्ये माणसं अर्ध्या चड्डीत बसून थंड कोबीचं सूप मागत होती. दर माणसागणिक एक सल्ला मिळत होता. भट्टीवर ओलं पोतं टाक. भट्टीला बाहेरून बर्फ लाव. भट्टीशी मोठ्याने बोलू नकोस, ऐकते ती. एक म्हणाला, घर विक.

"खिडक्या उघड," शेजारचा स्क्युली म्हणाला. स्क्युलीचे पणजोबा आइसलँडहून आले. ते येताना काहीतरी बोलले असावेत, त्यानंतर घराण्यात फारसं कोणी बोललेलं नाही. तो तळ्यावर बर्फाखालची मासेमारी करतो, तिथे बोलून मासे मिळत नाहीत.

मी खिडकी उघडायला उठलो, तेवढ्यात तळघरातून नेस्टरची आरोळी आली.

इथे मला कबूल करायला हवं की चूक त्याची होती. कोठीत जायचं तर लाल दिवा घेऊन जायचं, हे माश्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माशीला लाल रंग दिसत नाही. लाल उजेडात तुम्ही तिच्या नाकासमोर बसून पेपर वाचला तरी तिच्यासाठी अंधारच. नेस्टर मात्र कोठीतला पारा बघायला आपला बसचा टॉर्च घेऊन गेला होता. त्या टॉर्चने पलीकडच्या गावातला कुत्रा भुंकतो.

पारा होता चौदा. माश्या आधीच अर्धवट जाग्या होत्या. त्यांना वाटलं, सूर्य आला.

नेस्टर जिना चढत वर आला. हातात टॉर्च, टॉर्चपुढे प्रकाशाचा झोत, झोतात तीनशे माश्या. मिरवणूकच. "टॉर्च बंद कर!" मी ओरडलो. "बंद केला तर दिसणार कसं?" तो ओरडला आणि हॉलभर गोल धावला, माश्याही धावल्या. अर्ध्या चड्डीतली माणसं टेबलाखाली गेली. एक बाई ओव्हनमध्ये शिरायला निघाली होती, पारास्काने तिला आवरलं.

आता एक नाजूक गोष्ट. मधमाशी स्वच्छ प्राणी आहे. ती आपल्या घरात घाण करत नाही. नोव्हेंबरपासून धरून ठेवते आणि वसंतातल्या पहिल्या उड्डाणाला मोकळी होते. तीनशे जणींचं ते पहिलं उड्डाण आमच्या हॉलमध्ये झालं. पारास्काचे नाताळासाठी स्टार्च केलेले पडदे, भरतकामाचं टेबलक्लॉथ, नेस्टरचा पांढरा शर्ट, सगळ्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके पडले. आणि जिरेनियमची चौथी कळी फुलली ती याच वेळी.

पारास्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "खिडकी उघड," ती म्हणाली. "बाहेर जाऊ देत."

"माझ्या मढ्यावरून," मी म्हणालो. "मरतील."

"तीनशेच आहेत."

"तीनशे माश्या म्हणजे तीनशे चमचे मध!" हे खरं नाही, बारा माश्यांच्या जन्मभराच्या कष्टाचा एक चमचा होतो, पण रागात हिशेब कोण बघतो. "कोणीही खिडकीला हात लावायचा नाही!"

तर अशी परिस्थिती झाली: भट्टी बंद करायची नाही, कारण जानेवारी आहे, खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण माश्या आहेत, पेट्या बाहेर न्यायच्या नाहीत, कारण त्या जाग्या आहेत. आम्ही सगळे घाम पुसत एकमेकांकडे बघत बसलो. माणसं घरी मात्र गेली नाहीत. असं बघायला रोज मिळत नाही.

बुधवारी सकाळी चौतीस. कोठीत सोळा. भिंतीला कान लावला तर आत आगगाडी उभी असल्यासारखा आवाज येत होता.

कोठीला बाहेरून हवा घेणारा एक छोटा झरोका आहे, जमिनीच्या वर हातभर. थंडी कमी-जास्त करायला मी तोच उघडतो. बाहेर जाऊन बघतो तर झरोका नाही! तीन दिवसांच्या उष्णतेने छपरावरचं बर्फ वितळलं होतं, पाणी भिंतीवरून ओघळलं होतं आणि झरोक्यावर मांडीएवढ्या जाडीचा बर्फाचा थर होऊन बसलं होतं. मी कुऱ्हाड मारली, कुऱ्हाड परत आली.

मागे खाकरल्याचा आवाज झाला. स्क्युली उभा होता, हातात तळ्यावरच्या बर्फाला भोकं पाडणारं इंजिनाचं गिरमिट.

"इथे?" त्याने विचारलं.

"तिथे! पण जपून, मागे जाळी आहे—"

गिरमिट घरघरलं, बर्फाचा भुगा माझ्या तोंडावर आला आणि काही क्षणांत ते थरातून आणि जाळीतून आरपार गेलं. भोकातून थंडी आत घुसली ती बर्फाच्या लाटेसारखी. मी तळघरात पळालो. सोळा, पंधरा, तेरा! मी लाल दिव्यात नाचलो. या वयात नाचू नये, पण तेरा होतं!

आणि मग पाहिलं की त्या भोकातून उजेडही आत येतोय. माश्या पेट्यांच्या तोंडातून रांगेने निघाल्या आणि उजेडाकडे चालल्या. बर्फाकडे. मी दोन्ही हातांनी भोक झाकलं.

"स्क्युली! काहीतरी दे! काळं काहीतरी!"

स्क्युलीने विचार केला. तो विचार करतो तेव्हा वेळ लागतो. मग त्याने आपला जाड हातमोजा काढून भोकात कोंबला. उजेड थांबला. थंडीही थांबली. पारा पुन्हा चढायला लागला, चौदा, पंधरा. चौदा डंख माझ्या हातावर होते, पंधरावा कानावर.

मी वर येऊन खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत मी मागच्या एप्रिलात बसलो होतो, पाच पेट्या मेल्या तेव्हा. पारास्काने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, बरण्यांचा विचार करत असावी. नव्हती. तिने फोन उचलला.

माझ्या बायकोला आयुष्यात खोटं बोलताना मी ऐकलेलं नाही. दर पंधरवड्याला ती पापनिवेदनाला जाते आणि तिला सांगण्यासारखं काही नसतं म्हणून माझी पापं सांगते.

"ह-हॅलो," ती थरथरत म्हणाली. दात वाजवत! चौतीस अंशात, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये! "आ-आमच्याकडे ऊब नाही. म्हातारा गोठलाय. बोलत नाही. हात निळे पडलेत." तिने मला खुणेने कण्हायला सांगितलं. मी कण्हलो, त्यात अभिनय करावा लागला नाही.

चाळीस मिनिटांत कंपनीची गाडी दारात.

लव्हर्न नावाची तिशीतली मुलगी उतरली. चार स्वेटर, दोन टोप्या, डोळेच काय ते दिसत होते. गोठलेल्या घराच्या तयारीने आली होती ती. दार उघडलं आणि आमच्या घरातली हवा तिच्या तोंडावर आपटली. ती उंबऱ्यात उभी राहिली. हॉलमध्ये नेस्टर अर्ध्या चड्डीत, डोक्यावर ओला टॉवेल. स्क्युली, एका हातात मोजा. मी, एक कान बटाट्याएवढा. पडद्यांवर पिवळे ठिपके आणि काचांवर माश्या.

"गोठलेला म्हातारा कोण?" तिने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

लव्हर्नने टोपी काढली, मग दुसरी. थर्मामीटर बघितला. मग ती सरळ जिन्यापाशी गेली आणि वडिलांची चिकटपट्टी, माझी चिकटपट्टी, दोन्ही एका झटक्यात फाडून तिने लाल बटणावर बोट ठेवलं.

"नको!" आम्ही तिघे ओरडलो. स्क्युलीसुद्धा. स्क्युलीला ओरडताना गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

टक.

भट्टी थांबली. तीन दिवसांत घरात पहिल्यांदा शांतता झाली. आम्ही नळाकडे बघत होतो. आत्ता फुटेल. आत्ता फुटेल. नळातून एक थेंब पडला. नेस्टरने श्वास रोखला होता, तो त्याने सोडला.

"आजोबा," लव्हर्न म्हणाली, "हे घर गोठायला उद्या संध्याकाळ लागेल. तीन दिवस तुम्ही हे बटण का दाबलं नाही?"

मी पारास्काकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ती काही न बोलताही तिचं सगळं बोलणं माझ्या पाठीवर येत होतं.

"आता उजेड लागेल," लव्हर्न टॉर्च काढत म्हणाली.

"नाही!!"

तेव्हा पारास्काने नाताळातल्या चॉकलेटांचा लाल कागद तिच्या टॉर्चला बांधला. लव्हर्नने जमिनीवर पडलेला, नेस्टरने उपटलेला थर्मोस्टॅट पाहिला, भिंतीतल्या दोन तारा पाहिल्या. "इथे तारा सुट्या असून भट्टी चालू होती? मग तारा मध्ये कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत," ती म्हणाली आणि तारेमागोमाग तळघरात उतरली. आम्ही सगळे तिच्या मागे, लाल अंधारात, चर्चमध्ये चालतात तसे.

भट्टीच्या खोलीत तुळईखाली ती थांबली. "ही गोधडी कोणी टांगली?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आधी सांगितली नाही, कारण कोणी विचारलं नाही. रविवारी चर्चहून आल्यावर माझ्या मनात आलं, भट्टीची धग फळ्यांतून माश्यांकडे जात असेल. म्हणून मी एक जुनी गोधडी घेतली आणि भिंतीसमोर तुळईला पडद्यासारखी टांगली. खिळा जरा लांब घेतला, भक्कम बसावा म्हणून.

लव्हर्नने खिळा उपसला. थर्मोस्टॅटच्या तारेच्या बरोबर मधून गेला होता तो, दोन्ही धाग्यांना एकत्र धरून, तीन दिवस अखंड 'पेटत राहा, पेटत राहा' सांगत.

"माश्यांना धग लागू नये म्हणून?" पारास्काने विचारलं.

"हो."

नेस्टर आधी हसला. मग स्क्युलीने एक आवाज काढला, तोही बहुधा हसण्याचाच. लव्हर्न तुळईला धरून उभी होती. मी कोठारावर तीस वर्षं काटा सांभाळलेला माणूस, पण त्या लाल अंधारात माझी किंमत एका खिळ्याएवढी होती.

तिने तार जोडली, थर्मोस्टॅट पुन्हा भिंतीवर बसवला आणि तो वर-खाली फिरवून पाहिला: भट्टी सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. लव्हर्न निघताना फॉर्म भरू लागली. "कारण काय लिहू?"

"इतर," मी म्हणालो.

झरोक्यातून हातमोजा काढला. त्याच्या जागी स्क्युलीने काळ्या रबराचं वाकडं नळकांडं बसवलं. त्यातून थंडी आत यायची, उजेड नाही. संध्याकाळपर्यंत कोठीत सहा. पेट्या गप्प.

राहिल्या हॉलमधल्या तीनशे. घर थंड होत गेलं तशा त्या खिडक्यांच्या चौकटींवर, पडद्यांच्या चुण्यांत आखडून पडू लागल्या. माझे दोन्ही हात सुजून पावासारखे झाले होते, बोटं मिटत नव्हती. मी एक उचलायला गेलो आणि ती चिरडली.

"हो बाजूला," पारास्का म्हणाली.

तिने पावाला तूप फिरवायचं हंसाचं पीस घेतलं आणि काचेचा वाडगा. एकेक माशी पिसावर घेऊन वाडग्यात. चहा थंड झाला, नेस्टर घरी गेला, तरी ती वाकलेलीच. वाडगा भरला की खाली जायची आणि पेटीच्या तोंडाशी उलटा करायची. तिसऱ्या फेरीनंतर ती बराच वेळ वर आली नाही. मी जिन्यावरून हाक मारली.

"आत आवाज येतो," ती खालून म्हणाली. "तुला माहीत होतं? पेटीला कान लावला की येतो."

मी अकरा वर्षं तिला हेच सांगत होतो. पण सुजलेल्या कानाचा माणूस वाद घालत नाही.

एप्रिलात पेट्या बाहेर काढल्या. सात जिवंत. मी अंगणात टोपी उडवली, नेस्टरला बोलावलं, चार शेजाऱ्यांसमोर मोठ्याने मोजलं, दोनदा. कोठी माझी राहिली. पारास्का कबूल झाली आणि बरण्या पलंगाखालीच राहिल्या.

नोव्हेंबरात पेट्या पुन्हा आत आल्या. पहिल्या बर्फाच्या दिवशी विजयी माणूस जसा आपल्या मुलखात फेरफटका मारतो, तसा मी कोठीचं दार उघडलं. आत लाल दिवा लागला होता. दिव्याखाली खुर्ची, खुर्चीत पारास्का, मांडीवर विणकाम, अंगावर ती जुनी गोधडी. एका पेटीला पाठ टेकून बसली होती.

"पारास्का? इथे काय—"

"शूऽऽ!" तिने मान वर न करता सुई ओठांवर ठेवली. "झोपल्यात. दार लाव, ओनुफ्री. गरम हवा आत येते."